खाद्य फुकट आहे, पण पाणी कसं आहे? शिनाणे आणि कालवांची शेती करण्याआधी हे वाचा

"खाद्याचा खर्च शून्य, सहा महिन्यांत पीक." शिनाण्यांच्या शेतीचे असे व्हिडिओ खाडीकाठच्या बहुतेक गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून गेले असतील. दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. शिंपल्यांना पेंड लागत नाही, गोळी खाद्य लागत नाही. आणि पाच-सहा महिन्यांत ती विकण्याजोगी होतात हेही खरं.

पण खाद्य विकत घ्यावं लागत नाही याचा दुसरा अर्थ कोणी सांगत नाही. शिंपला काय खाणार हे तुमच्या हातात राहत नाही. कोळंबीच्या तळ्यात पाणी बिघडलं तर ते बदलता येतं, खाद्य दोन दिवस थांबवता येतं. खाडीत दोर सोडला की भरती जे आणेल ते शिंपल्याच्या पोटात जाणार. चांगलं असेल तर चांगलं, घाण असेल तर घाण. म्हणून बांबू कुठून आणायचे, अनुदान किती, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न आपल्या खाडीच्या पाण्याचा.

आधी नावं नीट लावून घेऊ

आपल्याकडे दर दोन खाड्यांनंतर नावं बदलतात. या लेखात कालव म्हणजे खडकाला, कांदळाच्या मुळाला किंवा जेटीच्या खांबाला घट्ट चिकटलेलं, वेड्यावाकड्या आकाराचं, पाय कापणारं शिंपलं. शिनाणे म्हणजे लांबट, काळपट, कडेला हिरवी झाक असलेले, घोसाने खडकाला धरून राहणारे. तिसऱ्या, शिवल्या, मुळे ही सगळी वाळूत-चिखलात पुरून राहणारी मंडळी. तुमच्या गावात नाव वेगळं असेल, पण तीन राहणी या अशा आहेत: चिकटून, लटकून, पुरून. शेतीची पद्धतही त्यावरूनच ठरते.

आणखी एक. यूट्यूबवर "मोत्याची शेती" म्हणून घराच्या टाकीतले शिंपले दाखवतात. ते गोड्या पाण्यातले शिंपले, तो धंदा पूर्ण वेगळा. इथे आपण खाण्याच्या, खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्यांबद्दल बोलतोय. दोन्हींची गल्लत करून कोणी पैसे मागत असेल तर सावध राहा.

शिंपला खातो कसा

शिंपल्याला दात नाहीत, डोकंही नाही. दोन शिंपांची फट थोडी उघडायची, पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवरून फिरवायचं आणि बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं काम. कल्ल्यांवर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलत असतात. पाण्यातले डोळ्याला न दिसणारे शेवाळाचे कण त्यावर अडकतात आणि तोंडाकडे ढकलले जातात. नको असलेले मातीचे कण चिकट पदार्थात गुंडाळून बाहेर टाकले जातात. चाळणीने पीठ चाळावं तसंच हे.

ही चाळणी किती मोठी? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक पूर्ण वाढलेलं कालव, सगळं अनुकूल असेल तर, दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असं सांगितलं जातं. हा वरचा आकडा आहे, रोजचा नाही; जात, आकार, पाण्याचं तापमान यावर तो बदलतो. पण एका मुठीएवढ्या जिवाचं हे काम बघा. तिथल्या चेसापीक उपसागरातली कालवं भरमसाट काढली गेली, पाणी गाळणारी फौजच कमी झाली. आता तिथे कालवांचे खडक पुन्हा उभे करण्यावर मोठा खर्च चालू आहे.

गाळण्याचा हाच गुण शेतीत फायदा देतो आणि हाच घातही करतो. तो कसा, ते पुढे येईलच.

पावसाळा हा या शेतीचा खरा मालक

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीत हा आकडा मोसमाप्रमाणे बदलतो. एप्रिल-मे महिन्यात खाडीच्या मुखाशी पाणी जवळपास समुद्राइतकं खारट होतं, जुलैमध्ये त्याच जागी ते इतकं गोडं होतं की गुरं तोंड लावतील. शिनाण्यांना लिटरला साधारण २० ते ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी मानवतं. त्याखाली गेलं की ते शिंपा मिटून घेतात. मिटून घेतल्यावर खाणं बंद, श्वास जवळपास बंद. काही दिवस तग धरतात, मग मरतात. पहिल्या मोठ्या पुरात दोरावरचं सगळं पीक गेलं असं होतं, ते यामुळे. रोगाने नाही.

कालवं या बाबतीत चिवट आहेत. खाडीतलं आपलं कालव कमी खारट पाणी बरंच सोसतं, म्हणून ते खाडीत आतपर्यंत सापडतं. शिनाणे मात्र मुखाजवळच.

आता जन्माचं बघू. नर-मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात, फळणं पाण्यातच होतं. पिल्लू सुरुवातीला पोहणारं असतं, धुळीच्या कणाएवढं. दोन ते तीन आठवडे ते भरती-ओहोटीबरोबर वाहत फिरतं आणि मग बसायला कडक जागा शोधतं. कालव एकदा बसलं की आयुष्यभर तिथेच. ते स्वतःला सिमेंटसारखं चिकटवून घेतं. शिनाणे दाढीसारखे चिवट धागे सोडून धरून राहतात. हे धागे तुटले तरी नवे येतात. म्हणूनच त्यांना खडकावरून काढून दोरावर बांधता येतं, आणि कालवाला तसं करता येत नाही. एवढा एक फरक लक्षात राहिला तर दोन्ही शेतींच्या पद्धती वेगळ्या का, ते आपोआप कळेल.

पश्चिम किनाऱ्यावर शिनाणे मुख्यतः पावसाळ्यात बीज सोडतात. त्यामुळे गणपती-नवरात्रीच्या सुमाराला खडकांवर बारीक पिल्लं दिसायला लागतात. दिवाळीच्या आसपास ती इंचभर होतात, आणि तोवर खाडीचं पाणीही पुन्हा खारट झालेलं असतं. मे संपायच्या आत काढणी करायची. दिवाळी ते आगोट, एवढीच खिडकी आहे. मोसम चुकवून जानेवारी-फेब्रुवारीत दोर टाकलात तर शिंपले वाढायच्या आत पाऊस येणार.

केरळात काय जमलं

केंद्रीय सागरी मत्स्यपालन संशोधन संस्था, म्हणजे कोचीची सीएमएफआरआय, हिने १९७० च्या दशकात शिनाण्यांच्या शेतीचे प्रयोग सुरू केले. ते प्रयोगशाळेच्या अहवालातून गावात यायला वीसेक वर्षं गेली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केरळच्या कासारगोड जिल्ह्यात, चेरुवत्तूर-पडन्ना भागात, महिला बचत गटांनी ही शेती उचलली आणि तिथून ती पसरली.

पद्धत साधी. खाडीत बांबू किंवा सुरूचे खांब रोवून मांडव घालायचा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या नायलॉन दोरावर इंचभराचं बीज चारी बाजूंनी लावायचं आणि वरून मच्छरदाणीसारखं पातळ सुती कापड गुंडाळून शिवायचं. दोर पाण्यात सोडला की काही दिवसांत शिनाणे धागे काढून दोर धरतात, तोवर कापड कुजून गळून जातं. बाहेरून काही काढावं लागत नाही. एक मीटर दोराला साधारण एक ते दीड किलो बीज लागतं आणि चांगल्या पाण्यात त्याच मीटरवर पाच-सहा महिन्यांनी आठ ते दहा किलो माल निघतो, असा तिथला अनुभव.

इथे आपल्याकडचा एक फरक मांडतो, कारण केरळचा व्हिडिओ बघून तसाच मांडव घालणारा इथे फसू शकतो. केरळात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उधाणाला तो अडीच-तीन मीटरपर्यंत जातो, मुंबईकडे आणखी जास्त. तिकडे चालणारा मांडव इकडे अमावास्येच्या ओहोटीला उघडा पडेल, आणि चार तास उन्हात लटकलेले शिनाणे शिजतील. दोराचं वरचं टोक मोठ्या ओहोटीलाही पाण्यात राहिलं पाहिजे आणि खालचं टोक तळाला लागता कामा नये. तळाला लागलं तर चिखल बसतो आणि खेकडे चढून फडशा पाडतात. म्हणून आपल्याकडे एक तर पुरेशी खोल जागा हवी, नाहीतर पाण्याबरोबर वरखाली होणारा तराफा. जागा भांगाच्या दिवशी बघून ठरवू नका. उधाणाच्या ओहोटीला जाऊन, काठीने मोजून ठरवा.

दुसरी अडचण बीजाची. १०० मीटर दोर धरला तरी शंभर-दीडशे किलो बीज लागणार. ते येणार खडकांवरूनच, आणि त्या खडकांवर आधीच शिनाणे काढून पोट भरणारी माणसं आहेत. केरळात शेती वाढली तशी बीजाची टंचाई झाली. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या किनाऱ्यावर बीज कुठून येणार याचं उत्तर नसेल तर मोठा मांडव घालू नये. दहा दोरांपासून सुरुवात करावी.

कालवाचा हिशेब वेगळा

कालवाचं बीज गोळा करायचं तर त्याला बसायला जागा द्यायची. रिकाम्या कालवाच्या शिंपांना भोक पाडून पाच-सहा शिंपा एका दोरीत ओवतात आणि पिल्लं बसायच्या काळात त्या माळा पाण्यात टांगतात. चुना लावलेली कौलंही चालतात. माळा फार आधी टाकल्या तर त्यावर शेवाळ आणि पायाला टोचणारे बारीक कवचाचे जीव बसतात, कालवाला जागाच उरत नाही. उशिरा टाकल्या तर पिल्लं निघून गेलेली असतात. म्हणून पाणी खारट व्हायला लागल्यावर दर पंधरवड्याला एक-दोन माळा टाकून बघायचं. ज्या माळेवर पिल्लं बसली तो आपल्या खाडीचा मुहूर्त. हा मुहूर्त पुस्तकात मिळत नाही, प्रत्येक खाडीचा वेगळा.

सिंधुदुर्गात देवगड तालुक्यातल्या वाडातरला महिला बचत गटांनी कालवांची शेती केली आहे. ज्यांना प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी कोचीला जायची गरज नाही.

वजनाचा हिशेब मात्र आधीच समजून घ्या. १०० किलो कालवं फोडली की आतला गर निघतो जेमतेम आठ-दहा किलो. बाकी सगळी शिंप. शिनाण्यांत साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त मांस मिळतं. त्यामुळे "दोरावर इतके किलो निघाले" हे ऐकून हुरळून जाऊ नका, भाव शिंपेसकटचा की गराचा ते विचारा. आणखी एक, बीज सोडून झालेला शिंपला आतून पातळ, पाणचट असतो. आकार तोच, पण गर निम्मा. अनुभवी बायका एक-दोन फोडून बघूनच काढणी ठरवतात, ते बरोबरच आहे.

आता त्या पाण्याकडे येऊ

शिंपला शेवाळ गाळतो तसे जंतूही गाळतो. वरच्या वाडीतल्या शौचालयाच्या टाकीचा पाइप ओढ्यात सोडलेला असेल, ओढा खाडीला मिळत असेल, तर खालच्या वाडीच्या दोरावर ते जंतू साठणार. मासा पोहून निघून जातो, शिंपला जागचा हलत नाही. युरोपात शिंपले थेट खायला विकायचे तर १०० ग्रॅम मांसात मैलाचे दर्शक जंतू, ई-कोलाय, २३० पेक्षा जास्त चालत नाहीत. तिकडे पाण्याच्या पट्ट्यांनाच श्रेणी दिलेली असते. पट्टा खराब असेल तर माल कितीही देखणा असो, थेट ताटात जात नाही.

यावर उपाय आहे. काढलेले शिंपले स्वच्छ, जंतुविरहित केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत निदान एक दिवस ठेवतात. चाळणी चालूच असते, त्यामुळे शिंपला आतली घाण स्वतःच बाहेर टाकतो. मांस नीट शिजवलं तर उरलेसुरले जंतूही मरतात. पण शिसं-पारा यांसारखे जड धातू एका दिवसात निघत नाहीत. कारखान्याचं सांडपाणी जिथे मिळतं तिथे ही शेती नकोच.

आणि एक गोष्ट शिजवूनही जात नाही. काही सूक्ष्म शेवाळं मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष तयार करतात. ती पाण्यात वाढली की शिंपला ती खातो. त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, पण विष मांसात साठतं. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या विळिंजम गावात शिनाणे खाऊन सात जण दगावले, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याआधी १९८३ मध्ये मंगळूरजवळ कुंबळे इथेही शिंपले खाऊन विषबाधा झाली होती. या विषाला चव नाही, वास नाही, उकळलं तरी ते टिकतं. त्यावर उतारा नाही. पण श्वासाला वेळेत आधार मिळाला तर माणूस वाचतो.

म्हणून लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. शिंपले खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत ओठ-जीभ बधिर होणं, बोटांना मुंग्या, तोल जाणं, बोलताना अडखळणं. असं दिसलं तर लिंबूपाणी, दही यात वेळ घालवू नका. कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि "शिंपले खाल्ले होते" हे डॉक्टरांना आधी सांगा.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, त्यावरून बरेच जण घाबरतात. तो चमकणारा जीव वेगळा, हे विष त्याचं नाही. उलट, विष असताना पाण्याचा रंग बदललेलाच असेल असंही नाही. पाणी अचानक लालसर-तपकिरी झालं, मासे मरून तरंगले, तर त्या भागातले शिंपले काढणं थांबवायचं आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवायचं. पण पक्की खात्री फक्त प्रयोगशाळेत तपासून होते. गट मोठ्या प्रमाणावर विक्री करणार असेल तर तपासणीचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. दोर-बांबूसारखाच तोही खर्च आहे.

शेती न करताही

खाडीकाठच्या जास्त घरांचा संबंध दोरावरच्या पिकाशी नाही, वाळूतल्या तिसऱ्यांशी आहे. ओहोटीला पाटी घेऊन उतरणाऱ्या बायकांचं ते रोजचं उत्पन्न. गेल्या काही वर्षांत तिसऱ्या बारीक मिळतात, कमी मिळतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यावर केरळच्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी तलावाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. आपल्या रत्नागिरीच्या काळबादेवी, भाट्ये खाड्यांत जी तिसरी सापडते, तीच जात तिथे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाला तिसऱ्या जायला लागल्या. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे १०,००० टन निघाल्या, आणि १९९३ पर्यंत उत्पादन निम्म्यावर आलं. मग सीएमएफआरआयच्या अभ्यासाच्या आधारे नियम लावले गेले. डिसेंबर ते फेब्रुवारी, बीज सोडण्याच्या काळात, काढणी बंद. जाळ्याचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. यंत्राने उपसा नको. आणि निर्यातीला मांसाचा दाणा असा, की किलोत १,४०० पेक्षा जास्त नग बसू नयेत, म्हणजे बारीक तिसऱ्यांना खरेदीदारच मिळू नये. उत्पादन पुन्हा १०,००० टनांच्या आसपास येऊन टिकलं. २०१४ मध्ये या मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

यातला नगाचा नियम मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. खाडीत पहारा ठेवणं कठीण, बाजारात आकार बघणं सोपं. आपल्याकडे मात्र तारखा जशाच्या तशा उचलू नयेत. आपल्या खाडीत तिसरी कधी भरते, कधी पातळ होते, हे आपल्या बायकांना माहीत आहे. ते वर्षभर महिनावार वहीत लिहिलं तर बंदीचा काळ ठरवायला त्याहून चांगली माहिती कोणाकडे नसेल.

सुरुवात करायची तर

रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. सीएमएफआरआयचं केंद्र मुंबईत आहे. कांदळवन असलेल्या गावांना शासनाच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेतून कालवं, शिनाणे, खेकडे पालनासाठी मदत मिळते. गावात तशी समिती आहे का, ते कांदळवन कक्षाकडे किंवा ग्रामपंचायतीत विचारा. खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे मांडव घालण्याआधी परवानगी घ्या आणि होड्यांची वाट अडणार नाही हे गावच्या मच्छीमार सोसायटीबरोबर बसून ठरवा. ही बैठक टाळली की भांडण पहिल्याच मोसमात होतं.

पहिल्या वर्षी पैसे घालण्याआधी एवढंच करून बघा. पाण्याचा खारटपणा मोजायचं हातात मावणारं दुर्बिणीसारखं यंत्र मिळतं, गटात एक पुरतं. ठरवलेल्या जागी भरतीला आणि ओहोटीला, आठवड्यातून एकदा, आकडा घ्या आणि तारखेसह लिहा. गणपतीपासून आगोटीपर्यंतची ही वही घेऊन तज्ज्ञांकडे गेलात तर ते जागेबद्दल नेमकं बोलू शकतील. पाण्याचा नमुना जंतूंसाठी निदान दोनदा तपासून घ्या: एकदा पाऊस संपल्यावर आणि एकदा मार्चमध्ये. त्याबरोबर दोन-चार दोर आणि दोन-चार माळा टाकून ठेवा, म्हणजे वहीत लिहिलेलं आणि दोरावर वाढलेलं शेजारी ठेवून बघता येईल.